कॅमेरा तालमीच्या खोलीत हवा

रॉक बँडवरच्या टीव्ही माहितीपटाचा साचा आता इतका पक्का झाला आहे, की बँडचे नाव न सांगताही त्याची गोष्ट सांगता येते. हलाखीचे दिवस, पहिले गाजलेले गाणे, पैसा, भांडणे, कुणाचे तरी आजारपण, आणि शेवटी पिकल्या केसांचे उरलेले वादक सोफ्यावर बसून गहिवरताना. मधूनमधून दुसरे नामवंत येतात, स्तुती करतात आणि जातात. गाणे कसे झाले, हे मात्र राहूनच जाते.

'क्वीन'वरचा 'डेज ऑफ अवर लाइव्ज' हा दोन भागांचा माहितीपट बीबीसीने २०११मध्ये दाखवला. या प्रकारातला तो चांगलाच. ब्रायन मे आणि रॉजर टेलर मोकळेपणाने बोलतात, जुने चित्रणही भरपूर आहे. तरी त्याचा ओढा यशापयशाच्या आलेखाकडेच. त्याहून मला मोलाचा वाटतो 'क्लासिक अल्बम्स' मालिकेतला 'अ नाइट ॲट दि ऑपेरा'वरचा भाग. त्यात मे मिक्सिंगच्या टेबलाशी बसून १९७५च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चे ट्रॅक सुटे करून ऐकवतो. गायक फ्रेडी मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांनीच पुन्हा पुन्हा गाऊन, थरावर थर चढवून तो अवाढव्य गानवृंद उभा केला होता, हे तिथे कानांनी कळते. कितीही स्तुती ऐकली तरी ते कळले नसते.

पीटर जॅक्सनच्या 'गेट बॅक'ने (२०२१) हीच वाट पुढे नेली. जानेवारी १९६९मध्ये बीटल्सच्या तालमींचे सुमारे साठ तासांचे चित्रण झाले होते. त्यातून त्याने जवळपास आठ तासांची मालिका केली. लेननची वाट पाहत मॅकार्टनी बास छेडत बसतो, हॅरिसन जांभई देतो, आणि बघता बघता त्या छेडण्यातून एक गाणे आकार घेऊ लागते. काही जणांना ही मालिका लांबलेली वाटली. माझ्या मते तिचे सामर्थ्यच त्या लांबीत आहे. कंटाळा, चुका, तीच ओळ विसाव्यांदा, हे सगळे कापून टाकले की उरतो फक्त चमत्कार, आणि चमत्कारातून कुणी काही शिकत नाही.

म्हणूनच मर्क्युरीच्या पाचगणीतल्या शाळकरी दिवसांबद्दल हळहळ वाटते. झांझिबारमध्ये जन्मलेला फारोख बलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास सेंट पीटर्स शाळेत आला, तिथेच 'फ्रेडी' झाला आणि मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' हा बँड काढला. गायचा ब्रूस मरे, फ्रेडी पियानोवर. रेडिओवर ऐकलेले गाणे लगेच पियानोवर उतरवण्याची त्याची हातोटी सोबत्यांनी सांगितली आहे. 'दि अनटोल्ड स्टोरी' (२०००) हा माहितीपट या बालपणाला जागा तरी देतो. एरवी पाचगणी म्हणजे दोन छायाचित्रे आणि लगेच लंडन. पुढे जगाने डोक्यावर घेतलेला तो कान सह्याद्रीतल्या एका वसतिगृहात तयार होत होता. त्यासाठी कुणी अर्धा तास थांबू नये?

कानावरून वाजवणारे बँड आमच्या रायगडात आजही आहेत. इथे रसायनीत, मोहोपाड्यात, खालापूर-कर्जतच्या गावांत हळदीला आणि गणपतीच्या मिरवणुकीला बेंजो पार्टी लागतेच. टाइपरायटरसारखी बटणे असलेले बुलबुलतरंग पिकअप लावून कर्ण्यावर चढवायचे आणि चित्रपटातले ताजे गाणे नोटेशनशिवाय मिरवणुकीच्या तालात बसवायचे, हे सोपे काम नाही. रवी जाधव यांनी 'बँजो' (२०१६) या हिंदी चित्रपटातून या वादकांना पडद्यावर आणले, याचा आनंद झाला. पण तिथेही कलेचे मोल ओळखायला परदेशातून एक मुलगी यावी लागली, आणि वाजवण्यापेक्षा वादकाच्या संघर्षालाच जास्त जागा मिळाली.

मला पाहायचा आहे तो माहितीपट अगदी साधा आहे. गणपतीच्या आधीचा एक महिना, एकच पार्टी. तारा कोण लावतो, गायिकेची पट्टी बेंजोला झेपत नसेल तर काय करतात, कीबोर्ड आल्यावर बेंजोवाल्याच्या वाट्याला काय उरले, ताशाने लय वाढवली की सूर कोण सांभाळतो. एवढे जरी त्याने नीट ऐकवले, तरी आठ तास बसायची माझी तयारी आहे.