‘औषध सापडले’ : एका शब्दप्रयोगाची चिकित्सा

सागरी जीवाणूंपासून मिळणाऱ्या कर्करोगविरोधी द्रव्यांविषयी मराठीत लिहिताना ‘औषध सापडले’ असा प्रयोग केला जातो. तो सदोष होय. समुद्रतळी सापडते ते संयुग. औषध म्हणून ते पुढे सिद्ध व्हावे लागते. सॅलिनोस्पोरामाइड-ए हे याचे बोधप्रद उदाहरण आहे. बहामा बेटांजवळील गाळातून मिळविलेल्या ‘सॅलिनिस्पोरा ट्रॉपिका’ या जीवाणूपासून ते निघाले व २००३ साली त्याची रचना प्रसिद्ध झाली. पेशीतील टाकाऊ प्रथिनांचे विघटन करणारी प्रोटिअसोम ही यंत्रणा ते बंद पाडते. प्रथिने साचून कर्कपेशी मरते. परंतु ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगावरील ७४९ रुग्णांच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत, नेहमीच्या उपचारास त्याची जोड देऊनही रुग्णांचे आयुष्य वाढले नाही.

२०२२ साली रामसर स्थळ ठरलेल्या ठाणे खाडीचा गाळही अशा संशोधनाचे क्षेत्र होऊ शकेल. तथापि, कल्याण-डोंबिवलीहून परळच्या टाटा रुग्णालयात जाणारा रुग्ण ‘सापडले’ याचा अर्थ ‘आता मिळेल’ असाच घेईल. म्हणून ‘औषध सापडले’ याऐवजी ‘कर्कपेशींवर परिणाम करणारे संयुग आढळले’ असे लिहावे, आणि चाचणी कोणत्या टप्प्यावर आहे तेही त्याच वाक्यात सांगावे.