देवाच्या दरबाराआधीचे घर

पिंप्राळ्याहून भुसावळकडे निघालो की जळगावनंतर भादली स्टेशन लागते. १९१८ साली बालकवी ठोंबरे येथेच रेल्वेखाली गेले. धरणगावच्या या मुलाला १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनाने नाव दिले आणि पुढे नगरला रेव्हरंड टिळकांच्या घराने आसरा दिला.

मिशनच्या इतिहासात हे घर नीट बसत नाही, कारण तो इतिहास बाप्तिस्मे मोजतो. नारायण वामन टिळकांचा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. 'स्मृतिचित्रे' मात्र या दोन सालांमधला संसार सांगते. पाणी कोणाच्या हातचे प्यावे, या रोजच्या प्रश्नाशी झगडत लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटते. बाप्तिस्मा नंतर येतो.

१९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, मंडळी भजन-कीर्तनाच्या वळणाची व्हावी, ही कल्पना. तिच्याकडे टिळकांची अखेरची झेप म्हणून पाहिले जाते. मला ते अर्धेच पटते. दरबाराची तालीम लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात आधीच झाली होती. फरक एकच, पण मोठा: दरबारात ख्रिस्तभक्तीची अट होती, ठोंबऱ्यांना या घरात राहायला धर्म बदलावा लागला नाही.

१९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार रुजायचा राहिला. घर मात्र लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात टिकले. बालकवींना आपले म्हणणाऱ्या आम्हा खानदेशी वाचकांनी ते ओलांडून पुढे जाऊ नये.