'निवेदन'मधील अन्नछत्र : धर्मशिक्षणाचा खर्च कोणी सोसावा?

धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांचे 'निवेदन' (१९२४) हे आत्मचरित्र सामान्यतः ज्ञानपिपासेची कथा म्हणून वाचले जाते. हे वाचन चुकीचे नाही, तथापि ते अपुरे आहे. धर्माचे शिक्षण घेऊ इच्छिणारा निर्धन विद्यार्थी जेवतो कोठे, राहतो कोठे आणि त्याचा भार कोण उचलतो, याचा इतका तपशीलवार वृत्तांत मराठीत क्वचितच आढळतो.

१८९९ मध्ये गोव्यातील घर सोडून निघालेले कोसंबी पुण्यामार्गे काशीला पोहोचले. तेथे संस्कृत शिकताना त्यांचा निर्वाह अन्नछत्रावर झाला. परंतु त्या पंक्तीत ब्राह्मण विद्यार्थ्यालाच स्थान होते. १९०२ मध्ये ते सिंहलद्वीपी गेले. विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी पालि शिकताना राहण्याजेवण्याची चिंता उरली नाही, मात्र तेथे चीवर धारण करावे लागले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दरमहा ५० रुपये दिले. त्यासाठी महाराष्ट्रात राहणे आवश्यक होते. कलकत्त्यातील अधिक वेतनाची नोकरी सोडून कोसंबींनी हे स्वीकारले. तिन्ही ठिकाणी विद्यार्थ्याला वा अभ्यासकाला पैसे भरावे लागले नाहीत, आणि तिन्ही ठिकाणी काही ना काही अट होती. जन्माची अट, वेषाची अट आणि निवासाची अट यांत अर्थातच फार मोठे अंतर आहे. कोसंबींचे निवेदन मात्र हे अंतर तपासण्यापेक्षा स्वतःच्या निष्ठेवर अधिक भर देते. ग्रंथाची ही मर्यादा होय.

ही मर्यादा कोरेगाव भीमासारख्या गावातून पाहिली म्हणजे अधिक जाणवते. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथील जयस्तंभास भेट दिली. (स्तंभ प्रत्यक्षात नदीपलीकडे पेरणे गावाच्या हद्दीत आहे.) या परिसरातील ज्या समाजाने पुढे बौद्ध धम्म स्वीकारला, त्याच्या मुलाला काशीची पंगत कधीच खुली नव्हती. धम्माचे शिक्षण घ्यावे असे त्याला आज वाटले, तर खर्चाचा प्रश्न पहिलाच उभा राहतो. कारण पर्याय म्हणून रांजणगावच्या कारखान्यातील पगार समोर असतो.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पालि विभाग आहे; तेथे प्रमाणपत्रापासून एम. ए. पर्यंतचे शिक्षण मिळते. हे शिक्षण ग्रंथांचे आहे. विहारात प्रवचन करणे, संस्कारविधी चालविणे, शोकाकुल कुटुंबाला आधार देणे हे त्याचे प्रयोजन नव्हे. उलट नागपूरच्या नागलोक येथील नागार्जुन प्रशिक्षण संस्थेत निवासी धम्मप्रशिक्षण मिळते, पण ते विद्यापीठीय पदवीचे स्थान घेऊ शकत नाही. स्वस्त काय, असे विचारण्यापूर्वी आपणास अभ्यासक व्हावयाचे आहे की उपदेशक, हे विद्यार्थ्याने ठरविणे भाग आहे.

ख्रिस्ती परंपरेने हे दोन्ही हेतू एका पदवीत आणले. १८१८ मध्ये स्थापन झालेल्या सेरामपूर महाविद्यालयास १८२७ च्या डॅनिश राजसनदेने पदव्या देण्याचा अधिकार मिळाला, आणि १९१८ च्या कायद्याने तो पक्का झाला. तेथील बी. डी. पदवी चर्चच्या सेवेसाठी आहे. पुण्यात बिबवेवाडीला १९८३ मध्ये यवतमाळहून आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. अशा शिक्षणासाठी विद्यार्थ्याला पुष्कळदा त्याची मंडळीच पाठवते, आणि पुढे सेवेचे स्थानही तीच देते. शुल्काचा विचार येथे नंतरच्या उपजीविकेपासून वेगळा राहत नाही.

डॉ. आंबेडकरांना हे पुरेपूर उमगले होते. १९५४ च्या सुमारास बर्मातील बुद्ध शासन कौन्सिलसाठी लिहिलेल्या टिपणात त्यांनी धम्मोपदेशकांसाठी विद्यालय सुचविले. तेथे इतर धर्मांचा तौलनिक अभ्यासही व्हावा, असे म्हटले. गृहस्थ उपदेशकांना वेतन मिळाले पाहिजे, हाही आग्रह त्यात आहे. त्यागाचा गौरव करणाऱ्या वाचकाला ही मागणी रुक्ष वाटेल. परंतु ज्याच्यासाठी अन्नछत्र नव्हते, त्याच्या बाजूने विचार करणारा माणूस वेतनाविषयी बोलणारच.

'निवेदन'च्या वाचनात म्हणून कोसंबींच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापनाला (१९१२-१८) अधिक महत्त्व द्यावयास हवे. पु. वि. बापटांसारखे विद्यार्थी तेथे त्यांच्यापाशी पालि शिकले. त्यासाठी त्यांना चीवर धारण करावे लागले नाही, की कोणाच्या छत्राखाली जेवावे लागले नाही. शिक्षकाचा निर्वाह महाविद्यालयाने चालविला, आणि पालि हा इतर विषयांप्रमाणे शुल्क भरून शिकण्याचा एक विषय झाला.