‘कंपनीत आहे’ एवढ्याने भागेल काय?

भारताची सोळावी जनगणना तोंडावर आली आहे. २०२१ साली व्हायची ती कोविडच्या साथीमुळे राहिली. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ही ठरवली. तिच्यातील जातीच्या नोंदीविषयी भरपूर चर्चा झाली आणि होत राहील. व्यवसायाच्या रकान्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. प्रगणक म्हणून दारोदार फिरणाऱ्यांत शिक्षकांचा भरणा मोठा असतो. तेव्हा हा रकाना कसा भरला जातो, त्यातून काय हाती लागते आणि काय निसटते, हे शिक्षकांपुढेच मांडणे आम्हाला योग्य वाटते.

उदाहरणासाठी पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा घेऊ. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढच्या काही वर्षांत येथे वाहन उद्योग व त्याला सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने उभे राहिले. १९९१ मध्ये पाच लाखांच्या आसपास असलेली पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २०११ मध्ये सव्वासतरा लाखांवर गेली. या शहरात ‘काय करता?’ असे विचारले की ‘कंपनीत आहे’ हे उत्तर हमखास मिळते. उत्तर खरे असते, पण त्यातून कळते फार थोडे.

येथे एक मूलभूत भेद ध्यानात घ्यावा लागतो. व्यवसाय म्हणजे माणूस स्वतः काय करतो. उद्योग म्हणजे तो जेथे काम करतो तेथे काय तयार होते. मोटारींच्या कारखान्यात वेल्डर असतो, फोर्कलिफ्ट चालवणारा असतो, कॅन्टीनचा आचारी असतो आणि फाटकावर सुरक्षारक्षकही असतो. उद्योग चौघांचा एकाच जागी, व्यवसाय मात्र चार. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००८ च्या प्रमाण यादीत त्यांचे संकेतांक अनुक्रमे ७२१२, ८३४४, ५१२० आणि ५४१४ असे आहेत. आपली २०१५ ची राष्ट्रीय व्यवसाय यादी तिच्यावरच बेतलेली आहे. या आकड्यांची रचना प्राणिशास्त्रातील वर्गीकरणासारखी आहे: पहिला अंक सर्वांत मोठा गट सांगतो, पुढचा प्रत्येक अंक एकेक पायरी खाली नेतो. १० मोठे गट, त्यांचे ४३ उपगट, त्यांतून १३० आणि शेवटी ४३६ लहान गट असा हा वृक्ष आहे.

हा भेद आज सोपा वाटला तरी तो जनगणनेला फार उशिरा साधला. १९०१ च्या जनगणनेत व्यवसायांचे ५२० गट होते. १९११ मध्ये जनगणना आयुक्त गेट यांनी फ्रेंच सांख्यिकीतज्ज्ञ झाक बर्तियाँ याची पद्धत स्वीकारून त्यांचे १६९ गट केले. (मृत्यूच्या कारणांची जी आंतरराष्ट्रीय यादी आज डॉक्टर वापरतात, तिचा आरंभही याच गृहस्थाने केला.) बर्तियाँच्या मांडणीत माणसाची कृती आणि ती जेथे घडते तो उद्योग यांची सरमिसळ होती, पण तिच्यात एक प्रामाणिक कप्पा होता, ‘अपुरे वर्णन केलेले व्यवसाय’. अशोक मित्र महानिबंधक असताना झालेल्या १९६१ च्या जनगणनेत व्यवसाय आणि उद्योग यांच्यासाठी दोन स्वतंत्र याद्या वापरल्या गेल्या, आणि या कामाला शास्त्रीय बैठक आली. याचे श्रेय द्यायलाच हवे. अपुऱ्या वर्णनांचा कप्पा मात्र राष्ट्रीय व्यवसाय यादीतही ‘एक्स’ या अक्षराखाली टिकून राहिला. शंभर वर्षांत यादी पुष्कळ सुधारली. दारातला प्रश्न त्या मानाने सुधारला नाही.

वर्गीकरण कार्यालयात होते अशी समजूत आहे. आमच्या मते ते उंबरठ्यावरच होऊन जाते. प्रगणकाने ‘हेल्पर’ लिहिले की पुढे कितीही हुशार माणूस संकेतांक देवो, तो मनुष्य ९३२९ या क्रमांकाखाली, म्हणजे कारखान्यातील अकुशल मजुरांत जाणार. आता भोसरीतील एका शेडमध्ये दोन ‘हेल्पर’ आहेत अशी कल्पना करा. एक खोकी उचलतो. दुसरा सहा वर्षे वेल्डरच्या हाताखाली राहून आता निम्मे वेल्डिंग स्वतः करतो; त्याचा पगार तेवढा हेल्परचा आहे. ‘हेल्पर’ हे पगारपत्रकावरचे नाव आहे, कामाचे नव्हे. या यादीत नवव्या गटाचे कौशल्य सर्वांत खालच्या पातळीचे मानले जाते आणि सातव्या-आठव्या गटांचे त्याहून वरचे. म्हणजे एका शब्दाने त्या माणसाचे सहा वर्षांचे शिक्षण देशाच्या कोष्टकातून पुसले गेले. आणि कोणत्या तालुक्यात कोणते प्रशिक्षण हवे, हे ठरवताना ही कोष्टके पुढे येतात.

‘ऑपरेटर’ची कथा याहून वेगळी नाही. सीएनसी लेथवर काम मांडून देणारा, प्रेसवर दिवसभर एकच कळ दाबणारा आणि संगणकावर चलने भरणारा, तिघेही ऑपरेटर. ‘ट्रेनी’ तर सर्वांत निसरडा शब्द. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी होय. पण प्रत्यक्षात तो तिन्ही पाळ्यांत कामगारांच्याच रांगेत उभा असतो. त्याच्या घरी आई सांगते ‘नोकरीला लागला’, वडील सांगतात ‘अजून शिकतोय’. प्रगणकाने कोणाचे ऐकावे?

आतापर्यंत सांगितलेले दोष काळजीपूर्वक विचारण्याने कमी होतील. पुढचा दोष मात्र प्रश्नावलीतलाच आहे. २०११ च्या प्रश्नावलीत व्यवसाय आणि उद्योग यांच्यानंतर कामगाराचा वर्ग विचारला होता आणि त्यासाठी चार पर्याय होते: मालक, नोकर, एकट्याने काम करणारा, आणि कुटुंबाच्या धंद्यात राबणारा. या चारांत कायम कामगार आणि ठेकेदाराचा माणूस यांना एकच आकडा मिळतो. या पट्ट्यात ज्याला कोणाला मुलीचे लग्न जमवायचे असते तो पहिला प्रश्न विचारतो, ‘पर्मनंट आहे का?’ एका यंत्रावर शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाला घरासाठी कर्ज मिळते आणि दुसऱ्याला भाड्याची खोलीही अनामत भरून घ्यावी लागते, एवढे अंतर या एका शब्दाने पडते. ज्या राज्यसंस्थेने कंत्राटी कामगारांसाठी १९७० साली स्वतंत्र कायदा केला, तिच्याच जनगणनेच्या फॉर्मला त्यानंतर चाळीस वर्षांनीही त्यांची ओळख नव्हती.

कंत्राटी माणसाचा उद्योग कोणता धरायचा, हाही पेच आहेच. तो चाकणच्या मोटार कारखान्यात डोअर बसवतो, पण पगार देणारा ठेकेदार मोटारी बनवत नाही, माणसे पुरवतो. २००८ च्या राष्ट्रीय उद्योग वर्गीकरणात माणसे पुरवण्याच्या धंद्यासाठी ७८ हा स्वतंत्र विभाग आहे. एक प्रगणक ‘मोटार उत्पादन’ लिहील, दुसरा ‘लेबर काँट्रॅक्टर’. आणि दोघांचीही चूक म्हणता येणार नाही. असे घडले की वाहन उद्योगातली माणसे वाढली की घटली, हे सांगणारा आकडा काही अंशी प्रगणकाच्या सवयीवर अवलंबून राहतो. प्रयोगशाळेत असे मोजमाप आम्ही स्वीकारले नसते.

याला एक उत्तर दिले जाते, आणि ते हलके नाही. प्रत्येक प्रगणकाकडे सहा-आठशे माणसे असतात, प्रश्न वाढवले की उत्तरांचा दर्जा घसरतो. शिवाय वार्षिक उद्योग पाहणी ठेकेदारामार्फत घेतलेले कामगार वेगळे मोजतेच, आणि श्रमबलाची नमुना पाहणी लेखी करार व पगारी रजा यांविषयीही विचारते. हे सर्व खरे. पण उद्योग पाहणी कारखान्याच्या फाटकाशी मोजते, कामगाराच्या घरात शिरत नाही. आणि नमुना पाहणी राज्याविषयी बोलू शकते, निघोजे किंवा कुरुळी या एका गावाविषयी बोलू शकत नाही. गावापर्यंत आणि वॉर्डापर्यंत पोहोचणारे साधन जनगणना हेच. आमची मागणी नव्या प्रश्नाची नाहीच. ‘नोकर’ या पर्यायाचे दोन पर्याय करा, एवढीच आहे.

तुलनेसाठी मालिका अखंड हवी, हा दुसरा आक्षेप. ती अखंड कधी होती? १९६१ च्या जनगणनेत देशातील सुमारे २८ टक्के स्त्रिया काम करणाऱ्या ठरल्या. १९७१ मध्ये सुमारे १४ टक्के. दहा वर्षांत निम्म्या बायकांनी काम सोडले असे कोणी म्हणणार नाही. बदलला होता तो प्रश्न. १९६१ मध्ये हंगामात नियमाने थोडा वेळ केलेले कामही धरले होते. १९७१ मध्ये ‘मुख्य उद्योग काय?’ असे विचारले आणि बहुतेक घरांतून उत्तर आले, ‘घरकाम’. पुढे १९८१ मध्ये मुख्य आणि सीमान्तिक कामगार असा १८३ दिवसांचा भेद आला, आणि १९९१ मध्ये शेतावरचे किंवा घरच्या धंद्यातले बिनपगारी काम प्रश्नातच स्पष्ट नमूद झाले. चिखलीच्या एखाद्या खोलीत रबरी भागांच्या कडा कापून नगावर मजुरी घेणारी बाई आज काय सांगेल? ‘मी घरीच असते.’ तिच्या पायाशी मालाचे पोते दिसत असूनही प्रगणकाने पुढे विचारले नाही, तर कुटुंबोद्योगाच्या रकान्यात जायला हवी ती गृहिणींत जाईल.

चाकणकडे गेले की वर्गीकरणाचा आणखी एक परिणाम दिसतो. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी नावाजलेला हा भाग. औद्योगिक क्षेत्रासाठी जमिनी गेल्या, मोबदला आला, आणि अनेक कुटुंबांनी उरल्या जागेत खोल्या बांधून कामगारांना भाड्याने दिल्या. असा गृहस्थ स्वतःला काय म्हणवतो? शेतकरीच. वीस गुंठे कांदा तो लावतोही. पण जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे शेती दुसऱ्याला कसायला दिली आणि स्वतः देखरेखही केली नाही, तर तो शेतकरी राहत नाही. आणि केवळ भाड्यावर जगणारा तर काम न करणाऱ्यांत मोडतो. मात्र टँकर चालवत असेल किंवा कारखान्याला माणसे पुरवत असेल, तर तो ‘इतर कामगार’. २००१ पासून कामगारांच्या ठळक वर्गांची संख्या नवावरून चारवर आणली गेली: शेतकरी, शेतमजूर, कुटुंबोद्योग आणि इतर. चाकणचा जवळजवळ सगळा बदल या ‘इतर’ नावाच्या पोत्यात भरला गेला. ही काटछाट आम्हाला मुळीच पटत नाही.

आणि या नोंदींवर गावाचे भवितव्य लटकलेले असते. लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे, आणि पुरुष मुख्य कामगारांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर: या तीन कसोट्या उतरल्या की ग्रामपंचायत असलेले गावही ‘जनगणना शहर’ ठरते. अशी शहरे २००१ मध्ये देशात १,३६२ होती. २०११ मध्ये ती ३,९०० च्या घरात गेली. चाकण त्यांतलेच एक. तेथे नगरपरिषद आली ती २०१५ मध्ये. तिसऱ्या कसोटीत मोजतात ते पुरुषच, हेही लक्षात घ्यावे. घरातला पुरुष कारखान्यात आणि बाई शेतात अशी विभागणी असलेले गाव कोष्टकात सहज शहर होते. उलट, खोल्यांच्या भाड्यावर जगणाऱ्यांनी ‘शेतकरी’ लिहिले तर शहर झालेले गाव कागदावर खेडेच राहते.

आगामी गणना मोबाइलवर होणार आहे. पडद्यावर व्यवसायांची यादी दिसू लागली तर चुकीचे स्पेलिंग आणि वाचता न येणारे अक्षर यांचा त्रास संपेल. पण तयार यादीतून डोळ्यांना पहिला पटेल तो पर्याय निवडण्याचा मोह त्यातून वाढेल, अशी भीती वाटते. ‘कंपनी कामगार’ असा एखादा पर्याय त्या यादीत असेल तर सारे मुसळ केरात. यादीत तो नसला तरी प्रगणकाला तीन प्रश्न विचारावे लागतीलच: हाताने काय करता, कोणत्या यंत्रावर? तेथे काय बनते? पगार कोण देतो? तिसऱ्याचे उत्तर लिहायला फॉर्ममध्ये जागा नसली तरी उद्योग ठरवायला ते लागते.

आठवी-नववीच्या वर्गात हा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे. मुलांनी आपल्या गल्लीतील वीस जणांची उत्तरे, नावे न लिहिता, जशीच्या तशी टिपून आणावीत. दोन गटांनी एकमेकांना न विचारता यादीतील दहा मोठ्या गटांपैकी एकेक क्रमांक द्यावा आणि वीसपैकी किती ठिकाणी दोघांचे जुळले ते मोजावे. मग त्याच वीस जणांना वरील तीन प्रश्न विचारून तीच मोजणी पुन्हा करावी. एका उत्तरामागे पहिल्या फेरीत किती वेळ लागला आणि दुसऱ्या फेरीत किती, तेही घड्याळ लावून वहीत मांडावे.