चावी कोणाकडे आहे?

महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यात सावित्रीच्या काठाने जाऊ लागले की तुडीलसारख्या गावांतून मोठमोठी घरे दिसतात. काही जुनी, जांभ्या दगडाची. काही आफ्रिकेतल्या किंवा आखाती देशांतल्या कमाईवर उभी राहिलेली दुमजली. बऱ्याच घरांचे मालक परदेशात नाहीतर मुंबईत. ईद, लग्न किंवा मयत यांखेरीज दार उघडत नाही. अशा घराला दोन-तीन पावसाळे कुलूप राहिले की मोहल्ल्यात कुजबुज सुरू होते. माडीवर उजेड दिसला, मगरिबनंतर कुणी चालल्याचा आवाज आला, घरावर 'असर' आहे. गरिबाच्या झोपडीत मात्र जिन्न सहसा मुक्कामाला येत नाहीत. भूत आणि श्रीमंत घर यांचे हे नाते कथावाङ्मयातही जुने आहे, आणि त्या घरात छडा लावायला शिरणारा जासूसही जुना आहे. अशा दोन जासुसांचा विचार आम्ही येथे करणार आहोत. एक मराठीतला, दुसरा उर्दूतला.

पहिला नारायण धारप (१९२५–२००८) यांचा समर्थ. दुसरा इब्ने सफी (१९२८–१९८०) यांचा इमरान. दोन्ही लेखक समकालीन, दोघांचाही वाचकवर्ग अफाट, आणि दोघांनाही आपापल्या भाषेतल्या समीक्षेने बराच काळ उंबऱ्याबाहेर बसवले. रेल्वे स्टेशनवर आणि भाड्याच्या वाचनालयात खपणारे ते साहित्य नव्हे, असा तो न्याय. मराठी समीक्षकाला इमरान ठाऊक नाही आणि उर्दू नक्कादाला समर्थ ठाऊक नाही. घरात उर्दू आणि बाजारात मराठी वाचणारे आमच्यासारखे लोक मात्र दोघांच्याही सोबत वाढले. तेव्हा ही तुलना करण्याचे काम आमच्याकडेच येते.

समर्थ हा रूढ अर्थाने डिटेक्टिव्ह नाही. बाबूराव अर्नाळकरांचे धनंजय किंवा झुंजार गुन्हेगाराच्या मागे धावतात. समर्थ अमानवी शक्तीच्या मागे जातो. त्याचा सोबती अप्पा आपल्याला हकीकत सांगतो, जशी वॉटसनने होम्सची सांगावी. कुटुंब हवालदिल झालेले असते. डॉक्टर झाले, उपाय झाले. मग समर्थ येतो, शांतपणे ऐकून घेतो आणि संकटाचे मूळ शोधतो. पद्धत डिटेक्टिव्हची, पण निष्कर्ष वेगळा. समर्थाच्या जगात भूत खरे असते. इंग्रजीत या जातीचा एक पूर्वज आहे. विल्यम होप हॉजसन यांचा कार्नाकी १९१० पासून मासिकांतून वाचकांसमोर आला. तो कॅमेरा आणि मंतरलेली वर्तुळे दोन्ही घेऊन पछाडलेल्या घरात रात्र काढतो. कधी त्याला खरेच काही अघोरी सापडते, कधी एखादा लबाड माणूस. समर्थाकडे हा दुसरा पर्याय फारसा उरत नाही.

धारपांची ताकद कशात आहे हे आधी सांगितले पाहिजे. लव्हक्राफ्ट आणि स्टीफन किंग यांच्यापासून त्यांनी बरेच घेतले, पण घेतलेले मराठी मध्यमवर्गीय घरात असे बसवले की परके वाटले नाही. जिना, माजघर, बंद खोली, पाहुण्यांची वर्दळ. नेहमीच्या गोष्टींतून भीती हळूहळू वर येते. वाचक अंथरुणातून उठून दिवा लावतो तो यामुळेच. आमचा आक्षेप कारागिरीवर नाही. संकट पलीकडच्या जगातून आले म्हटले की घरातल्या माणसांचा हिशेब तपासायचे कारण राहत नाही. घर निष्पाप, बाहेरचे काही त्यात शिरले, सामर्थ्यवान पुरुषाने ते हाकलले आणि कुटुंब सुटले. वाचकाच्या हाती काय राहिले? त्या पुरुषावरचा भरवसा. कथेत हे चालते, कारण कथा आहे हे लेखकाला आणि वाचकाला दोघांनाही माहीत असते. मोहल्ल्यात हाच भरवसा आमिलाच्या दाराशी जाऊन उभा राहतो. तिथे फी द्यावी लागते.

धारपांवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नोंदवतो. त्यांच्या 'आजी' या कथेपासून प्रेरणा घेतलेला 'तुंबाड' हा चित्रपट २०१८ मध्ये आला. पार्श्वभूमी कोकणातल्या वाड्याची. तिथे भूत खरे आहे, पण भुतापर्यंत नेणारी हाव घराची स्वतःची आहे आणि ती बापाकडून मुलाकडे वारशाने जाते. त्या चित्रपटात डिटेक्टिव्ह नाही. कदाचित म्हणूनच घराकडे बोट दाखवता आले.

आता इमरान. इब्ने सफी यांचे खरे नाव असरार अहमद. जन्म अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावचा. १९५२ मध्ये अलाहाबादहून त्यांची 'जासूसी दुनिया' सुरू झाली. त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले, पण पुस्तके दोन्हीकडे निघत राहिली. फाळणीने तोडलेला एक वाचकवर्ग त्यांनी महिन्यामहिन्याला जोडून ठेवला. १९५५ मध्ये इमरान मालिका सुरू झाली. तिची पहिलीच कादंबरी 'खौफनाक इमारत'. म्हणजे इमरानचा जन्मच पछाडलेल्या वास्तूत झाला म्हणायला हरकत नाही.

एक जुनी इमारत आहे. आत एक कबर आहे. इमारतीत प्रेते सापडतात आणि अंगावर समान अंतरावर तीन जखमा. कबर, बंद दार आणि मोजून केल्यासारख्या जखमा. आमच्या माणसाला घाबरवायला आणखी काय हवे? आणि छडा लावायला येतो कोण, तर परदेशी शिकलेला, बापाने निकम्मा ठरवलेला, वेड पांघरून बोलणारा इमरान. लोक त्याला हसतात आणि हसता हसता बोलून जातात. तो मंत्र म्हणत नाही. कबरीची थट्टाही करत नाही. हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. कबरीचा अदब आणि कबरीच्या आडून चाललेला धंदा या दोन गोष्टी तो वेगळ्या ठेवतो. शेवटी हात माणसाचाच निघतो.

काही वर्षांपूर्वी वर्गात ही गोष्ट आम्ही थोडक्यात सांगितली. एक मुलगा म्हणाला, "सर, आत कबर आहे म्हणजे जिन्न असणारच ना?" आम्ही उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "पण सर, चावी कोणाकडे होती?" त्या मुलीने इब्ने सफींचे एकही पुस्तक वाचले नव्हते. पण त्यांच्या वाङ्मयाचे मर्म तिने एका वाक्यात सांगितले. जिन्न आहेत की नाहीत हा वाद तिने घातलाच नाही. जिन्नांचे अस्तित्व कुरआनात आहे, ते मानणे हा आमच्या अकीद्याचा भाग आहे. पण घडलेला प्रत्येक प्रकार जिन्नाच्या नावावर टाकावा असे कुठेही सांगितलेले नाही. जिन्नाला चावी लागत नाही. माणसाला लागते.

हाच प्रश्न पुढे नेला की भुताच्या गोष्टीत वारस दिसू लागतो. कॉनन डॉयलची बास्करव्हिल घराण्यावरची कादंबरी १९०१–०२ मध्ये क्रमशः आली. एका पूर्वजाने शेतकऱ्याच्या मुलीवर केलेला जुलूम, त्याबद्दल घराण्याच्या मागे लागलेला राक्षसी कुत्रा. होम्सला काय सापडते? इस्टेटीवर डोळा असलेला, नाव बदलून शेजारी राहणारा एक नातेवाईक. या कादंबरीची छाया घेऊन १९६२ मध्ये 'बीस साल बाद' हा चित्रपट आला. ठाकुराची हवेली, परदेशातून परतलेला शेवटचा वारस, दलदलीतली मरणे. असित सेन यांचा गोपीचंद जासूस त्यात हसवून जातो. पण भुताच्या बुडाशी ठाकुराने नासवलेल्या मुलीचा जीव आणि तिच्या बापाचा सूड आहे. दोन्ही ठिकाणी भूत म्हणजे घराने न फेडलेले देणे. कुणी ते वसूल करायला भूत होतो, कुणी देण्याच्या गोष्टीचा फायदा घेऊन भूत नाचवतो.

इब्ने सफी इथपर्यंत मात्र फारसे येत नाहीत. त्यांचा गुन्हेगार पुष्कळदा परक्या देशाचा हेर असतो, तस्कर असतो, विक्षिप्त शास्त्रज्ञ असतो. बंगल्यातले घर त्यांच्याकडेही बहुधा सुटून जाते. समर्थाने दोष दुसऱ्या जगावर टाकला, इमरानने दुसऱ्या देशावर. दोघेही जासूस घरात गेले, पण कपाटातली कागदपत्रे कुणी वाचली नाहीत.

आमच्या घरांची कागदपत्रे कुणी वाचायची? शरीअतीने मुलीचा वाटा ठरवून दिला आहे. मुलाच्या निम्मा, पण पक्का. घर बापाचे, भाऊ परदेशात, बहीण चार कोसांवर सासरी. भावाने दिले तर दिले, मागितले तर माहेर तुटले. बहिणीकडून "मला काही नको" असे वदवून घेण्याची आमची रीत किती घरांत आहे, हे प्रत्येकाने आपापल्या घरात पाहावे. मग बंद घरावर 'असर' आहे म्हटले की सोपे जाते. हक्कदार उंबऱ्यापाशी थबकतो, आणि चावी ज्याच्याकडे असते त्याच्याकडेच राहते. सगळ्याच कुजबुजींमागे हे असते असा आमचा दावा नाही. पण विचारायला नको का?

महाराष्ट्रात २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा भोंदूला पकडतो. भोंदूला घरात बोलावणाऱ्या भीतीपर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही, तिथे गोष्ट पोहोचते. हमीद दलवाईंच्या 'इंधन'ने (१९६५) कोकणातला मुसलमान मराठी कादंबरीत आणला. त्यानंतर आपल्या लेखकांनी तलाक, दारिद्र्य, दंगल यांवर कळकळीने लिहिले. पण आपल्या मोहल्ल्यातला जासूस मराठीत आमच्या वाचनात आलेला नाही. हिंदीत जाताना इमरानला राजेश व्हावे लागले आणि कर्नल फरीदीला विनोद. मराठीत त्याने आपल्याच नावाने यावे. नावाने इमरान असो की इम्तियाज, की मागच्या बाकावरची ती मुलगी. समर्थाचे ऐकून घेणे त्याने घ्यावे, इमरानचे हसू घ्यावे, कबरीपाशी सलाम करावा आणि मग सातबारा मागावा.

'रंजक साहित्य' म्हणून या प्रकाराला नाक मुरडणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की वारसाहक्कावरचे व्याख्यान ऐकायला आमच्या गावात माणसे जमवावी लागतात. बंद घरातल्या भुताची गोष्ट म्हटली तर ओटा आपोआप भरतो. बहिणीही येतात, दाराआड उभ्या राहून ऐकतात. त्या ओट्यावर बसून चावीचा प्रश्न विचारणारी गोष्ट कुणीतरी लिहायला हवी.