उभ्या पिकाचा सौदा

धंद्यात भावनेला थारा देऊ नये, हे वाक्य आपल्याकडे इतकं चलनी झालं आहे की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटत नाही. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ते असतं, आणि गल्ल्यावर बसलेल्या जुन्या माणसांच्या तोंडीही असतं. ते कितपत खरं आहे हे पाहायला मला एक कादंबरी जास्त उपयोगी पडली : थॉमस मानची १९०१ साली प्रसिद्ध झालेली ‘बुडेनब्रोक्स’.

ल्यूबेक या जर्मन बंदरातल्या एका धान्याच्या पेढीची ही चार पिढ्यांची कथा. मान स्वतः तिथल्याच धान्यव्यापाऱ्याचा मुलगा. १८९१ साली वडील गेले आणि घरची पेढी बंद झाली. त्यामुळे कादंबरीत पैशाचे आकडे नुसते सजावटीला येत नाहीत.

आठव्या भागातला एक सौदा मला पूर्ण कादंबरीचा कणा वाटतो. पेढीचा मालक थॉमस बुडेनब्रोक चाळिशी ओलांडलेला, शहराचा सिनेटर. १८६६च्या युद्धात फ्रँकफर्टची एक पेढी बुडाली, तिच्यापायी त्याचे वीस हजार टालर गेलेले. हागेनश्ट्रोम हा प्रतिस्पर्धी वर चढत चाललेला. अशात बहीण टोनी एक प्रस्ताव आणते. तिच्या मैत्रिणीचा नवरा, पोपेनराडेचा जमीनदार, कर्जात रुतला आहे. त्याला तातडीने पस्तीस हजार मार्क हवे आहेत, त्यासाठी शेतातलं उभं पीक तो पडत्या भावात द्यायला तयार आहे. आपल्याकडे कोकणात मोहोर पाहून आंब्याची बाग घेतात, तशातलाच व्यवहार. पण या पेढीने तो कधी केलेला नाही.

थॉमस आधी चिडून नकार देतो. अडलेल्या माणसाच्या गरजेवर नफा काढायचा नाही, ही घराण्याची रीत. मग रात्री तो एकटाच विचार करत बसतो. त्या विचारात भाव आणि हवामान यांना जागा थोडी; जास्त जागा ‘मी खरा व्यवहारी माणूस आहे, की हळवा स्वप्नाळू?’ या प्रश्नाला. उत्तर स्वतःला पटवून देण्यासाठी तो सौदा करतो. ७ जुलै १८६८ रोजी पेढीची शताब्दी साजरी होत असते, पाहुणे जमलेले, वाद्यं वाजत असतात आणि तार येते : गारपिटीत पीक गेलं.

‘भावनेच्या भरात केलं आणि बुडाला’ असं याचं वाचन करणं सोपं आहे. मला ते उलटं वाटतं. पहिला नकारसुद्धा भावनेतूनच आला होता. पण त्या भावनेमागे शंभर वर्षांचा अनुभव होता. दुसरा निर्णयही भावनेतूनच आला, फक्त ती भावना शरमेची होती आणि तिने व्यवहारीपणाचा अंगरखा घातला होता. म्हणून थॉमसला ती ओळखू आली नाही. कठोर दिसण्याची हौस हिशोबात धरायची असते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

भावना पूर्ण वजा केली तर काय उरतं, याचं उदाहरण मेंदूशास्त्रज्ञ अँटोनियो दमासिओ यांच्या १९९४च्या ‘देकार्त्स एरर’ या पुस्तकात आहे. एलियट असं टोपणनाव दिलेल्या रुग्णाच्या मेंदूतली गाठ काढल्यावर त्याची बुद्धी शाबूत राहिली, भावना मात्र विझल्या. पुढे त्याची नोकरी गेली, आणि नको त्या धंद्यात पैसा घालून त्याचं दिवाळं वाजलं. पर्याय मोजता येत होते, पण कुठला टाळावा हे आतून जाणवत नव्हतं.

मानवर माझा एक आक्षेप आहे. गारपीट नेमकी शताब्दीच्या दिवशी कळावी, हे फार सोयीचं झालं. चांगल्या निर्णयावरही गारा पडतात, आणि वाईट निर्णय कधी कधी सुखरूप घरी येतो. आकाश निरभ्र राहिलं असतं तर याच थॉमसला आपण दूरदर्शी म्हटलं असतं. निकालावरून निर्णयाची पारख करायची, ही वाचकाची जुनी खोड मानने इथे कुरवाळली आहे.

तरी प्रसंग वाचतो, तो तारेनंतरच्या एका तपशिलामुळे. बातमी वाचून थॉमस जड श्वास घेतो, पण त्या श्वासात सुटकाही असते. आपण जे नव्हतो ते होण्याचा खटाटोप संपला, याची सुटका. पेढी गारांनी बुडत नाही. ती १८७५ साली, थॉमसच्या मृत्यूनंतर, त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे गुंडाळली जाते. पण तिच्यातला त्याचा जीव त्या रात्रीच गेलेला असतो.

शताब्दीला घरच्यांनी त्याला भेट दिलेल्या तसबिरीत चारही मालकांची चित्रं आहेत, आणि वर मूळ पुरुषाचा उपदेश सोनेरी अक्षरांत आहे. त्याचा आशय असा, की रात्रीची झोप उडवील असा धंदा करू नये. म्हणजे त्या जुन्या व्यापाऱ्याने निर्णय तोलायला झोपेचं माप दिलं होतं, आणि झोप ही काही खतावणीतून येत नाही.