मानमोडी, जंतू आणि विषाणू : इन्फ्लुएंझाविषयक मराठी लेखनाची एक तपासणी

१९१८ सालच्या महाभयंकर साथीस सातारा-सांगलीकडे ‘मानमोडी’ म्हणत. हे नाव ग्राम्य समजून शिष्ट लेखनाने ते बाजूस सारले आणि त्याच्या जागी ‘इन्फ्लुएंझाचे जंतू’ हा प्रयोग रूढ केला. आमच्या मते या देवघेवीत भाषेची हानीच झाली. मानमोडी हा शब्द रोग्याची अवस्था सांगतो. रोगाच्या कारणाविषयी तो मौन पाळतो, म्हणून चुकतही नाही. ‘जंतू’ हा शब्द कारण सांगावयास जातो आणि चुकीचे सांगतो.

त्या काळच्या विद्वानांस याबद्दल बोल लावता येणार नाही. फायफर यांनी १८९२ मध्ये वर्णिलेला दंडाणू हाच या रोगाचे मूळ, असा समज १९१८ मध्ये प्रबळ होता. मानवी इन्फ्लुएंझाचा विषाणू लंडन येथे स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ यांनी वेगळा केला तो १९३३ मध्ये. दोष आहे तो त्यानंतरच्या लेखनाचा. शोध जुना झाला तरी आपली वर्तमानपत्रे व आरोग्यपत्रके ‘फ्लूचे जंतू वाढतात’ असेच लिहीत राहिली.

या लेखनातील आकड्यांविषयीही येथेच एक सूचना करणे अवश्य आहे. १९१८ च्या सातारा जिल्ह्यात आज सांगलीत असलेले वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके मोडत; सांगली व मिरज ही संस्थाने निराळी होती. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ मध्ये झाला व त्यास सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. मृत्यूची वर्दी गावचा पाटील देई व ती बहुधा ‘ताप’ या सदरात जमा होई. त्यातच त्या वर्षी पाऊस फसला होता, तेव्हा उपासमारीचा वाटा किती व रोगाचा किती हे वेगळे काढणे कठीण. आजच्या नकाशावर बोट ठेवून ‘साताऱ्यात इतके, सांगलीत इतके’ असे लिहिणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानी घ्यावे.

आता मूळ मुद्दा. जंतू खातो, फुगतो, एकाचे दोन होतो. इन्फ्लुएंझाचा विषाणू यांपैकी काहीच करीत नाही. मिलिमीटरच्या सुमारे दहा-हजाराव्या भागाएवढा हा कण म्हणजे मेदाचे एक वेष्टन, त्यावर दोन प्रकारच्या प्रथिनांचे काटे आणि आत आर.एन.ए.चे आठ निरनिराळे खंड. पहिल्या काट्याने, म्हणजे हीमॅग्लुटिनिनने, तो श्वासमार्गातील पेशीवरील सियालिक आम्लास चिकटतो. पेशी त्यास एका पिशवीत घालून आत ओढते; पिशवीतील आम्लता वाढली की तोच काटा आपले रूप पालटून दोन्ही वेष्टने एकजीव करतो. येथे कण म्हणून विषाणू संपतो. त्याचे आठ खंड तेवढे पेशीच्या केंद्रकात पोचतात. कणाची ‘वाढ’ होत नाही; तो मोडतो, आणि त्याच्या मजकुरावरून नवे कण जुळविले जातात.

या क्रियेस बीज-अंकुराची उपमा देण्याची आपली सवय सोडून छापखान्याची उपमा घ्यावी, असे आम्ही सुचवितो. खिळ्यांची जुळणी उलटी असते. ती सरळ वाचता येत नाही. विषाणूचे खंडही तसेच ‘उलट’ असतात. त्यांवरून जो छाप निघतो तो पेशीची प्रथिनयंत्रणा वाचते. शिवाय जुळणीवरून लगद्याचा साचा घेऊन त्यातून नवी पाटी ओतावी, त्याप्रमाणे खंडाची पूर्ण पूरक प्रत तयार होते आणि तिच्यावरून नवे खंड निघतात. छापावर पेशीचा शिक्का हवा म्हणून विषाणू पेशीच्याच संदेशाचा मथळा कापून आपल्या मजकुरास चिकटवितो. उपमा लंगडी पडते ती एके ठिकाणी : आर.एन.ए.वरून आर.एन.ए. उतरविणारे यंत्र पेशीपाशी नसते, ते विषाणू बरोबर घेऊन येतो. आणि या यंत्राजवळ मुद्रितशोधक नाही! चुका तशाच छापल्या जातात. पुष्कळशा निरर्थक ठरतात. एखादी मात्र काट्याचे रूप असे बदलते की गतवर्षीची प्रतिकारद्रव्ये त्यास ओळखत नाहीत. लस वर्षानुवर्षे का बदलावी लागते, हे ‘जंतू वाढतात’ या वाक्यावरून कोणासही कळणार नाही.

ही केवळ शब्दांची चिकित्सा नव्हे. ज्यास जंतू म्हटले त्यावर जंतुनाशक गोळी मागणे वाचकास स्वाभाविक वाटते. पेनिसिलिन जंतूच्या भित्तिकेच्या बांधणीत विघ्न आणते. विषाणूस भित्तिकाच नाही. तयार कण पेशीपासून सुटतो तो न्यूरॅमिनिडेज या दुसऱ्या काट्याच्या साहाय्याने, आणि ओसेल्टामिव्हिर हे औषध नेमके तेथे अडसर घालते. अर्थात जंतूंस या कथेत मुळीच स्थान नाही असे नव्हे. १९१८ मधील पुष्कळ मृत्यू मागाहून जडलेल्या जंतुजन्य न्यूमोनियाने झाले. पण तो दुसरा अंक. पहिल्याचे श्रेय त्यास देऊ नये.

नव्या नावांनीही गोंधळ वाढविला आहे. एकाच पेशीत दोन जातींचे विषाणू शिरले तर आठ-आठ फर्म्यांची सरमिसळ होऊन तिसरेच पुस्तक बांधले जाते. १९५७ च्या विषाणूत पक्ष्यांकडील तीन खंड असे आले, १९६८ च्या विषाणूत दोन. २००९ च्या विषाणूत तर डुक्कर, पक्षी व मानव या तिन्हींच्या वंशांतील खंड होते आणि तो माणसाकडून माणसाकडे पसरत होता. तरी ‘स्वाइन फ्लू’ या नावाने संशय डुकरांवर गेला.

‘विषाणू’ हा शब्दही निर्दोष नाही, कारण हा कण विष नव्हे. परंतु तो रुळला आहे, त्यास ढळवू नये. ‘वाढ’, ‘पैदास’, ‘विभाजन’ हे शब्द मात्र त्याच्या बाबतीत टाकावेत व ‘प्रतिकृती’ आणि ‘जुळणी’ योजावेत. आणि १९१८ च्या साथीविषयी लिहिताना मानमोडी हे नाव अवतरणचिन्हांत न कोंडता वापरावे.